रंकाळ्यावरचा सव्वा तास: दोन लहान मुलांच्या घरच्या फोटोंची तयारी

कुटुंब सहा जणांचं, घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. आबा सरकारी नोकरीतून निवृत्त, आज्जी घर सांभाळतात. मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, सून प्राथमिक शिक्षिका. नात साडेचार वर्षांची, नातू अठरा महिन्यांचा. मी घरांचे, मुलांचे फोटो काढते, म्हणून दिवाळी आटोपल्यावर सुनेचा मला फोन आला. फोनमध्ये मुलांचे ढिगानं फोटो आहेत, पण त्यात ती स्वतः जवळजवळ नाहीच, कारण फोन कायम तिच्याच हातात. सहाही जण असलेला एकच फोटो, बारशातला. त्यात बाळ झोपलेलं, आबा कुणाशी तरी बोलतायत आणि मागं जेवणाच्या पंगतीची आवराआवर चाललेली.

तिची मागणी सरळ होती. "पोज नकोत ताई. मुलं रडायला नकोत. आम्ही जसे आहोत तसे दिसू दे, पण फोटो भिंतीवर लावण्यासारखा पाहिजे."

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली आणि खरं प्रकरण तिथंच होतं. थोरलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिला एका स्टुडिओत नेलं होतं. उंच स्टुलावर बसवली, समोर छत्र्या लावलेले दिवे, चौघंजण टाळ्या वाजवतायत. तिनं हंबरडा फोडला. तेव्हापासून कुणी फोन वर केला की ती एक तर आईच्या पदराआड जाते, नाही तर दात आवळून ठरलेलं हसू देते. दीड वर्षाच्या बाळाची सगळ्यांना काळजी होती. मला काळजी वाटली ती या मुलीची.

फोन येण्याआधीच घरानं बरंच ठरवून ठेवलं होतं: रविवार, सकाळी अकरा, न्यू पॅलेस. सगळ्यांना पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स, आबांना फेटा, आणि तिथून परस्पर पन्हाळा. यातली प्रत्येक गोष्ट हौसेनं ठरवलेली होती, त्यामुळे एकेक बदलताना मी कारण सांगत गेले.

घड्याळ बाळाचं

मी आधी उजेडाचं विचारत नाही, झोपेचं विचारते. धाकटा साडेसहाला उठतो, दुपारी एक ते तीन झोपतो, उठल्या उठल्या दूध लागतं, रात्री आठला पुन्हा पेंगतो. म्हणजे सकाळी अकरा ही त्याची भुकेच्या आधीची आणि झोपेच्या तोंडावरची वेळ. अठरा महिन्यांचं मूल या वेळेला आईच्या कडेवरून उतरत नाही, आणि उतरलं तरी परत चढायला रडतं. शिवाय नोव्हेंबर असला तरी अकराला ऊन बरंच वर आलेलं असतं. भुवयांच्या सावल्या डोळ्यांत पडतात, मुलं डोळे बारीक करतात आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "डोळे उघड की!"

नोव्हेंबरअखेरीस कोल्हापुरात सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. पावणेपाचपासून उजेड मऊ व्हायला लागतो, तिरका येतो आणि चेहऱ्यावर एकसारखा पसरतो. तीनला झोपेतून उठणं, साडेतीनला दूध आणि खाणं, साडेचारला घराबाहेर. बाळाचं घड्याळ आणि उजेडाचं घड्याळ इथं आपसूक जुळलं. मोठ्यांची सोय मी तिसऱ्या नंबरावर ठेवते आणि ते फोनवरच सांगून टाकते.

आबांना वेळेचं एवढं काटेकोरपण पटेना. "फोटोला काय, अर्धा तास इकडंतिकडं चालतंय की." मग मी किरणोत्सवाचा विषय काढला. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. मध्ये ढग आला किंवा एखादी इमारत आडवी आली की तो दिवस गेला. आबा नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला नुकतेच देवळात जाऊन आले होते. मावळतीचा उजेड थांबत नाही हे त्यांना त्यापुढं समजावावं लागलं नाही. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना चारलाच चपला घालायला लावणारे तेच होते.

तारीख ठरवताना मी आणखी एक प्रश्न नेहमी विचारते. बाळाचा दीड वर्षाचा डोस झाला का? सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. डीपीटीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, मूल किरकिरं होतं. त्यांनी डोस शनिवारी घ्यायचं ठरवलं होतं आणि आमचा दिवस लगेचचा सोमवार. वहिनी, म्हणजे सून, म्हणाल्या, "मग डोस पुढच्या आठवड्यात घेऊ." मी नको म्हणाले. डोस ठरल्या दिवशीच घ्या, फोटो आठवडाभर पुढं ढकलू. फोटोसाठी लस लांबवणं मला अजिबात मान्य नाही.

सोमवार का, तर मुलांच्या बाबांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आणि थोरलीची बालवाडी दुपारी सुटते. रविवार संध्याकाळच्या मानानं गर्दीही कमी.

जागा

पन्हाळा पहिल्या झटक्यात गळला. अंतर वीसएक किलोमीटरचंच आहे, पण थोरलीला घाटात गाडी लागते. उलटी होऊन उतरलेल्या मुलीकडून पुढचा तासभर कुणी काही मागू नये. त्यात वर वारा असतो, आणि तटाच्या कडेला दीड वर्षाचं मूल मोकळं सोडता येत नाही. न्यू पॅलेस देखणा आहे, 1884 मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू फोटोत भारदस्त दिसते. पण सुट्टीच्या दिवशी तिथं सहलीच्या गाड्या असतात आणि परक्या माणसांच्या नजरा चोहोबाजूंनी. पदराआड लपणाऱ्या मुलीसाठी ही जागा नव्हे. घरातला चौक मला फार आवडला होता, पण तिथं चारनंतर अंधारून येतं.

मग मी जागेचं विचारायचं सोडून वेगळंच विचारलं. थोरली संध्याकाळची कुणाबरोबर, कुठं असते?

"आबांबरोबर. रंकाळ्यावर. कणीस खायला." उत्तर आज्जींनी दिलं, आणि ते देताना त्यांना त्यात विशेष असं काही वाटलं नव्हतं. आठवड्यातून दोन-तीनदा आजोबा आणि नात चालत जातात, ठरलेल्या कट्ट्यावर बसतात, एक भाजलेलं कणीस दोघांत खातात आणि दिवे लागायच्या आत परततात. जागा इथंच ठरली. मुलीच्या पायाखालची वाट, तिच्या ओळखीचा कणीसवाला, तिचा रोजचा माणूस. नवीन गोष्ट म्हणून तिथं फक्त मी असणार होते.

रंकाळ्याच्या उजेडाबद्दल कोल्हापुरात नवीन काही सांगण्यासारखं नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी शंभर वर्षांपूर्वी या काठावर बसून पाणी आणि त्यातला दगडी संध्यामठ पुन्हा पुन्हा रंगवला, तो या बदलत्या उजेडासाठीच, असं मला त्यांची चित्रं बघताना वाटतं. पण फोटोवाल्यासाठी या उजेडात एक अडचण आहे. पूर्वेच्या काठावरून पाण्याकडं बघितलं की सूर्य थेट समोर येतो. माणसं पाण्याकडं पाठ करून उभी केली तर त्यांच्या केसांना सोनेरी कड मिळते, पण चेहरे काळवंडतात. पाण्याकडं तोंड केलं तर चेहरे उजळतात आणि डोळे मिटतात. मोठी माणसं क्षणभर सहन करतात, मुलं करत नाहीत. म्हणून मी काठ सोडून आत, तळ्यालगतच्या बागेतली हिरवळ निवडली. पश्चिमेला झाडं, त्यातून गाळून येणारा उजेड, जमीन सपाट, पडलं तरी लागणार नाही अशी. आदल्या सोमवारी त्याच वेळेला जाऊन सावली कुठून कुठं सरकते ते बघून आले. हिरवळीवर पाणी कधी मारतात तेही माळीमामांना विचारलं, कारण ओल्या गवतावर बसलेली माणसं पाच मिनिटांत उठतात.

बाबांना मागं तळ्यापलीकडचा शालिनी पॅलेस हवा होता. त्यासाठी सहाही जणांना कठड्याजवळ रांगेत उभं करावं लागलं असतं. मी नाही म्हणाले, आणि तिथंच पाण्याचा नियमही सांगितला: धाकट्याला घेऊन कठड्यापाशी फोटो होणार नाहीत. बागेतसुद्धा एक मोठं माणूस असं लागेल ज्याला फोटोत यायचं नाही आणि ज्याचं लक्ष मुलांवरून हलणार नाही. आत्ती, म्हणजे बाबांची बहीण, उचगावहून येते म्हणाली. "मी येतो की. माझं फोटोत काय काम? पोरांना मी बघतो."

कपडे, तीट, खाऊ

पांढरे कपडे मी कुणालाच सुचवत नाही. तिरक्या उन्हात पांढरं कापड नको इतकं चमकतं आणि चेहऱ्याआधी शर्ट दिसतो. त्याहून मोठं कारण म्हणजे पांढरे कपडे घातलेल्या मुलाला दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "मळवू नको." ज्या मुलाला मोकळं खेळू द्यायचंय त्याला असले कपडे घालायचे कशाला?

कपड्यांची सुरुवात मी आईपासून करते. फोटोत सगळ्यात कमी तीच असते आणि स्वतःच्या कपड्यांचा विचारही शेवटी तीच करते. वहिनींची विटकरी रंगाची सुती साडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती नेसल्यावर बरं वाटतं म्हणाल्या. पदर असल्यानं बाळाला पाजणंही सोपं. ती ठरली आणि बाकीचे रंग तिच्याभोवती लावले: आबांचा सायीच्या रंगाचा नेहरू शर्ट, आज्जींची मोरपंखी रंगाकडं झुकणारी साडी, बाबांचा राखाडी-हिरवा सदरा. कुणाचाच रंग दुसऱ्यासारखा नाही, पण एकमेकांशी भांडणाराही नाही. बारीक रेघांचे शर्ट टाळायला सांगितले, कॅमेऱ्यात त्या रेघा लहरी मारतात. छातीवर कार्टून असलेले टी-शर्टही नकोत, नजर आधी त्यावर जाते.

थोरलीचा खणाचा परकर-पोलका दिवाळीत शिवलेला होता. गळ्याशी जर टोचायची. वहिनींनी आतून मलमलची पट्टी लावली आणि माझ्या सांगण्यावरून तो फोटोच्या आधी दोन संध्याकाळी तिला खेळायला घातला. आज्जींना ते जिवावर आलं, पण नव्या कपड्यात मूल अवघडलेलं असतं आणि ते अवघडलेपण खांद्यात दिसतं. कोल्हापुरी चप्पल नवी कोरी होती, ती चावणार हे ठरलेलं. जुन्या चपला घालून ये म्हटल्यावर थोरली खूश झाली. धाकट्याला सुती कुर्ता, इलॅस्टिकची चड्डी आणि अनवाणी पाय. शिट्टी वाजणारे त्याचे बूट आत्तीच्या पिशवीत गेले. त्याच पिशवीत दोघांचा एकेक जादा जोड, ओलं फडकं आणि कोरडा टॉवेल.

तिटेवर घरात मतभेद झाला. आज्जी म्हणत होत्या, इतक्या लोकांत बाळाला नेणार तर गालाला तीट पाहिजेच. बाबांना फोटोत काळा डाग नको होता. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, तीट राहू दे. ही आज्जीची माया आहे, आणि वीस वर्षांनी हा मुलगा फोटो बघेल तेव्हा आधी तिटेबद्दलच विचारेल. डोळ्यांत काजळ मात्र घालू नका म्हणाले. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतातच, शिवाय बाळ डोळे चोळतं आणि सगळा गाल काळा होतो. गालावरची तीट कपाळाच्या कडेला सरकली आणि तिथं दोन्ही पक्षांचं समाधान झालं.

खाऊमध्ये रंगीत काहीही नाही. लाल-हिरव्या गोळ्यांनी जीभ रंगते, चॉकलेटनं ओठ, हात आणि खण. चिरमुरे, केळं, साधी बिस्किटं, पाण्याची बाटली. आबांच्या खिशात नेहमी भाजके शेंगदाणे असतात, ते घरी ठेवायला सांगितले. हसत-पळत असलेल्या लहान मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, आणि धाकटा आबांच्या खिशात हात घालणारच होता.

मोठ्यांना सांगितलेलं

आज्जींना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून सूचना मी लिहून न पाठवता बोलून रेकॉर्ड केल्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्या. त्यातली मुख्य सूचना काय बोलू नये याची होती. "हस की", "इकडं बघ", "नीट बस", "काकी रागवतील", "शहाण्यासारखं वागलीस तर चॉकलेट देईन", ही पाच वाक्यं त्या संध्याकाळी बंद. हस म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही. धाक दाखवला की मी परकी ते परकीच राहते. आणि बक्षीस कबूल केलं की मुलीला कळतं, म्हणजे पुढं काहीतरी त्रासाचं आहे. औषध पाजण्याआधीही असंच कबूल करतात की. बिस्किट द्यायचं तर भूक लागली म्हणून द्या.

दुसरं, घरात आठवडाभर "फोटो, फोटो" करू नका. "सोमवारी रंकाळ्यावर जायचं, ती काकी पण येणार आहे," एवढंच सांगा.

तिसरी गोष्ट सगळे एकत्र असलेल्या फोटोसाठी. मोठ्यांनी माझ्याकडं बघायचं, तोंड मिटून, आणि मुलं कुठं बघतायत हे तपासायला मान वळवायची नाही. मुलांचं लक्ष वेधणं हे माझं काम. नाही तर होतं असं, की दोन्ही मुलं एका क्षणासाठी नेमकी समोर बघतात आणि तेव्हा चारही मोठे त्यांच्याकडं वळून काहीतरी बोलत असतात.

बाबांना हे सगळं जरा हवेतलं वाटलं. फौंड्रीत साचा, रस आणि वेळ ठरलेली असते. "मॅडम, सगळे खेळणारच असतील तर फोटो कधी काढायचा?" मी त्यांना सांगितलं, सव्वा तासातली दोन-तीन मिनिटं सगळ्यांच्या एकत्र फोटोची. ती मिनिटं कधी येणार ते मी बोलेन, तोवर तुम्ही सुट्टीवर. त्यांनी ते पाळलं.

कॅमेरा न उचललेली भेट

ठरल्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. तयारीतला हा भाग वगळा असं मला अनेक घरं सांगतात, कारण त्यांना तो फुकटचा चहा वाटतो. मी तो कधीच वगळत नाही.

धाकटा अपेक्षेप्रमाणे आईला चिकटला. या वयात परक्याची भीती असतेच. त्याच्याकडं बघायचं नाही, हात पुढं करायचा नाही, खाली बसायचं आणि मोठ्यांशी गप्पा मारायच्या. थोड्या वेळानं तो स्वतःच जवळ येऊन माझ्या ओढणीचं टोक ओढून पळाला.

थोरली दाराआड. मी कॅमेऱ्याची पिशवी उघडी करून जमिनीवर ठेवली आणि आज्जींकडून कटाच्या आमटीचं प्रमाण विचारत बसले. पिशवी उघडी असली की मुलं येतात. ती आली, लेन्सचं झाकण उचललं, परत लावलं, परत उचललं. मग मी पट्टा तिच्या गळ्यात घालून कॅमेरा खालून हातानं धरला आणि बटण दाखवलं. तिनं आज्जींच्या पायांचा फोटो काढला, गॅसच्या टाकीचा, स्वतःच्या चपलेचा. मी एकही काढला नाही.

मग तिनं हळूच विचारलं, "काकी, ह्याच्यातनं तो मोठा उजेड येतोय?"

"कुठला गं?"

"फाट करून येतोय त्यो."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. दीड वर्ष घरात सगळे समजत होते की मुलगी लाजते, फोटोला घाबरते, हट्टी आहे. ती घाबरली होती स्टुडिओतल्या फ्लॅशला, त्याच्या झटक्याला आणि फट्ट आवाजाला. तिला ते सांगायला शब्द नव्हते आणि कुणी विचारलंही नव्हतं. मी तिला कॅमेरा सगळीकडून दाखवला. यात तो उजेड नाही, मी आणणारही नाही, आपल्याला सूर्याचा उजेड पुरतो म्हटलं. तिनं पिशवीचे कप्पे स्वतः तपासले. नंतर घरात ती सगळ्यांना सांगत सुटली होती म्हणे, "काकीकडं उजेड न्हाईच." या एका प्रश्नानं पुढचं निम्मं काम झालं. मुलांच्या फोटोंबद्दल माझ्याकडून कुणी एकच गोष्ट घेणार असेल तर ती हीच घ्यावी: मूल नको म्हणतंय तेव्हा नेमकं काय नको आहे, ते त्याच्या सवडीनं विचारा.

तो सोमवार

पावणेपाचला सगळे बागेत होते. सुरुवातीला मी फक्त गवतावर बसले. थोरलीला काम दिलं: राखाडी कार्ड धरून उभं राहायचं. रंग नीट यावेत म्हणून तसंही ते लागतंच, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला हातात खरं काम दिलं की त्याच्या अंगात निराळंच बळ येतं. तिनं कार्ड आबांसमोर धरलं, बाबांसमोर धरलं, कुत्र्यासमोरही धरलं.

मग आजोबा आणि नात आपल्या वाटेनं कणीस आणायला निघाले आणि मी लांबून, 85 मिलिमीटरच्या लेन्सनं, त्यांच्या पुढून मागं सरकत राहिले. शटर सेकंदाचा पाचशेवा भाग, कारण ती चालत नव्हती, उड्या मारत होती. कट्ट्यावर बसल्यावर आबांनी कणसावर लिंबू फिरवलं, आधी तिला दिलं. तिनं चावा घेतला, तिखटमीठ लागलं, डोळे घट्ट मिटले आणि तोंडभर दाणे घेऊन हसली. दात आवळलेलं हसू नव्हतं हे. आबांनी तिच्या हनुवटीवरचा दाणा उचलून स्वतः खाल्ला. यातलं काहीही मी सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलंही नसतं.

तिकडं हिरवळीवर बाबा आणि धाकटा. बाबांना उभं राहून काय करावं ते कळत नव्हतं, हात कुठं ठेवायचे हाच प्रश्न. बापांचं हे नेहमीचंच, त्यांच्या हातात मूल द्यावं. "त्याला घरी कसं खेळवता?" विचारलं तर म्हणाले, "पोत्यागत खांद्यावर टाकतो." टाका. धाकटा उलटा लोंबकळत खिदळायला लागला, वहिनी "हळू ओ, हळू" म्हणत धावल्या आणि तिघंही एका चौकटीत आले. वहिनींचा एक हात बाळाच्या डोक्याखाली, चेहऱ्यावर काळजी आणि हसू दोन्ही.

सव्वापाचच्या सुमाराला धाकट्याचं बिनसलं. त्याला आत्तीच्या पिशवीतले शिट्टीचे बूट दिसले होते. बूट दिले तरी रडणं थांबेना, मग कळलं की भूकही आहे. वहिनी ओशाळल्या. "एरवी असा नसतो हो ताई, आजच काय झालंय." प्रत्येक आई हे म्हणते आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण रडण्याबद्दल माफी मागण्याचं काही कारणच नसतं. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. नुसता खाली केला तर मोठ्यांना वाटत राहतं की वेळ चाललाय. वहिनी झाडाखाली पदर घेऊन बाळाला पाजत बसल्या, बाकीच्यांनी चिरमुरे काढले, थोरलीनं बाबांबरोबर डोंगर-पाणी सुरू केलं. आबांनी दोनदा सूर्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, आहे वेळ. साडेपाचला अजून वीस मिनिटांचा चांगला उजेड शिल्लक असणार हे मी आदल्या आठवड्यात बघून ठेवलं होतं, म्हणूनच तर निवांत बसता आलं.

पोट भरलेलं बाळ आईच्या मांडीवरून उतरलं ते थेट आज्जींकडं गेलं. आज्जींनी त्याचा तळहात उघडून त्यावर बोटानं खेळवायला सुरुवात केली. त्या वेळचे दोन हातांचे जवळून काढलेले फोटो माझ्या मते त्या संध्याकाळचे सगळ्यात चांगले.

मग ती तीन मिनिटं. आधी चौघं मोठे बसवले, आज्जी-आबा मध्ये, गुडघे एकमेकांकडं वळलेले, कुणाच्यात फट नाही. लेन्सचं छिद्र एफ/5.6 वर नेलं, म्हणजे पुढचे-मागचे सगळे चेहरे स्पष्ट राहतात. मुलं शेवटी आली. थोरलीला म्हटलं, आबांच्या कानात सांग, आज बालवाडीत डब्यात काय होतं. ती सांगतच राहिली, आबांना हसू आवरेना. धाकट्यासाठी आत्ती माझ्या मागं उभी राहून डोक्यावर त्याचाच बूट ठेवून तो खाली पाडत होती. बूट पडला की तो बघायचा, आणि ती नजर नेमकी लेन्सच्या वर यायची. मोठ्यांनी मान वळवली नाही. बाबांनी तर डोळ्याची पापणीसुद्धा हलवायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं, त्यांना मला उलट सैल व्हा म्हणावं लागलं.

पावणेसहाला थोरली म्हणाली, "आता बास." मी लगेच बास केलं. बाबांना अजून शालिनी पॅलेसकडं जायचं होतं, उजेडही थोडा होता. पण मुलीनं थांब म्हटल्यावर आपण थांबतो हे तिला दिसणं जास्त गरजेचं होतं, तिला पुढंही कॅमेऱ्यासमोर यायचंय.

नंतर

निवडीसाठी फोटो आधी सहाही जणांना एकत्र बसवून दाखवले, फोनवर पाठवले नाहीत. फोनच्या पडद्यावर प्रत्येकजण फक्त स्वतःचा चेहरा शोधतो. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी आहे की सगळ्यात." मोठ्या चौकटीसाठी घरानं एकमतानं ती तीन मिनिटं निवडली. त्यात धाकटा बुटाकडं बघतोय आणि थोरली तर कॅमेऱ्याकडं बघतच नाही, आबांच्या कानाशी आहे. बाबांनी सुरुवातीला विचारलं, दोघं समोर बघणारा नाही का? होता, तोही दिला. भिंतीवर लागला तो कानातला. कणसाचा फोटो आबांनी वेगळा मागून घेतला, पाकिटात मावेल एवढ्या आकारात.

फोटो कुठंही जाहीर टाकायचे नाहीत असं घरानं सांगितलं होतं, म्हणून माझ्या कामाच्या पानावर या घराचं एकही चित्र नाही. मुलांच्या बाबतीत मी लेखी होकाराशिवाय टाकतही नाही. आत्तीनं त्या दिवशी स्वतःच्या फोनवर काढलेले फोटो स्टेटसला ठेवायच्या आधी वहिनींना विचारलं, हे मला फार आवडलं.

फेटा राहिला होता. बागेत तो नको म्हणण्याचं कारण इतकंच, की फेटा बांधला की आबा ताठ बसतात आणि धाकटा तो ओढायला बघतो. आबांची हौस मोडायची नव्हती. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी घराच्या चौकात ऊन येतं तेव्हा गेले, आबांनी स्वतः आरशासमोर फेटा बांधला आणि शेमला सोडला. त्यांचा एकट्याचा, खुर्चीत बसलेला, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारा फोटो घेतला. थोरली राखाडी कार्ड धरून शेजारी उभी होती. काम झाल्यावर तिनं आबांना उठवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता माझा. त्यो उजेड नको."